घर दुसऱ्याचं, पैसा तिसऱ्याचा: अमेरिकी मॉर्गेज रीट कर्जासाठी पैसा कसा उभा करतात

समजा, अमेरिकेतल्या एका अपार्टमेंट संकुलाच्या मालकाला दहा कोटी डॉलर हवे आहेत. इमारत जुनी आहे. फ्लॅट दुरुस्त करायचे, भाडी वाढवायची आणि दोन-तीन वर्षांत विकून मोकळं व्हायचं, असा त्याचा बेत. अर्धवट अवस्थेतल्या अशा मालमत्तेला कर्ज द्यायला मोठी बँक कां-कू करते. मग मॉर्गेज रीट, म्हणजे इमारतींवर कर्ज देणारी खास प्रकारची कंपनी, पुढे येते आणि दहा कोटी देऊन टाकते.

गंमत अशी की त्यातले साडेसात कोटी तिचे नसतातच. त्याच कर्जाचे कागद एखाद्या मोठ्या बँकेकडे तारण ठेवून ती ते आणते. म्हणजे दारातून नाही म्हणणारी बँक खिडकीतून तोच पैसा पुरवते. हे खिडकीतलं काम कसं चालतं, ते एकेका पायरीने इथे सांगतो. या कंपन्यांचे शेअर घेणारे, त्यांचे वार्षिक अहवाल वाचणारे आणि त्यांच्या हिशेबाचं किंवा कागदपत्रांचं काम करणारे, अशा सगळ्यांना याचा उपयोग होईल. मी काही वर्षं अशा फाइली तपासण्याचं काम केलं आहे, त्यामुळे कुठे जास्त रेंगाळलो तर समजून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगतो. जो तो विचारतो, ‘किती टक्क्यांनी उचललंय?’ माझ्या लेखी तो चौथा-पाचवा प्रश्न. पहिला प्रश्न हा, की तारणाची किंमत ठरवायचा हक्क कुणाकडे आहे? आणि दुसरा, पैसे मुदतीआधी परत मागता येतात का? या दोन उत्तरांवर कंपनी तगते किंवा बुडते. व्याजाने बुडालेली रीट मी तरी पाहिलेली नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी

रीटचा (रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्टचा) कायदा अमेरिकेत १९६० साली आला. सौदा सरळ आहे: करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग भागधारकांना वाटायचा आणि त्या बदल्यात वाटलेल्या नफ्यावर कंपनीच्या पातळीवर कर भरायचा नाही. इमारती विकत घेणाऱ्या रीट असतात तशा इमारतींवरची कर्जं धरणाऱ्याही असतात. त्यांना मॉर्गेज रीट म्हणतात.

या सौद्याची दुसरी बाजू अशी की नफा घरात राहत नाही. साधी कंपनी कमावलेलं साठवून वाढते, रीटला तो मार्ग जवळजवळ बंद. मग वाढायचं तर नवे शेअर विकायचे किंवा कर्ज काढायचं. शेअरचा भाव पुस्तकी मूल्याच्या खाली असेल तर नवे शेअर विकणं म्हणजे जुन्या भागधारकांच्या ताटातलं काढून घेणं. उरतं कर्ज.

मॉर्गेज रीटमध्ये दोन कुळं आहेत. ॲनाली, एजीएनसी यांच्यासारख्या कंपन्या मुख्यतः फॅनी मे, फ्रेडी मॅक आणि जिनी मे या सरकारशी जोडलेल्या संस्थांची हमी असलेले घरकर्जांचे रोखे धरतात. ब्लॅकस्टोन मॉर्गेज ट्रस्ट किंवा स्टारवुड प्रॉपर्टी ट्रस्टसारख्या कंपन्या स्वतः मोठी व्यावसायिक कर्जं देतात. इथे मी दुसऱ्या कुळाचा मार्ग दाखवतो आहे. पहिल्या कुळाचा विषय मार्जिन कॉलपाशी, म्हणजे तारणाचा भाव पडला म्हणून बँक पैसे परत मागते तिथे, येईल, कारण तिथे त्याच्याइतकं बोलकं उदाहरण नाही.

पायरी १: कर्ज देण्याआधीच बँकेला विचारा

बाहेरून वाटतं, की रीट आधी कर्ज देते आणि मग त्यासाठी पैसा शोधते. प्रत्यक्षात इमारतमालकाला प्रस्ताव जाण्याच्या सुमारास बँकेच्या टेबलावरही एक टिपण गेलेलं असतं: मालमत्ता कुठे, भाडं किती येतं, मालक कोण, कर्जाचं मालमत्तेच्या किमतीशी प्रमाण काय. बँक तोंडी का होईना पण सांगते, ‘हे आम्ही घेऊ, इतक्या टक्क्यांपर्यंत देऊ.’

हा होकार नसेल तर रीट बहुतेक वेळा कर्ज देतच नाही, किंवा व्याज चढं लावते. म्हणून २०२० नंतर ऑफिस इमारतींना कर्ज मिळणं अवघड झालं त्यामागे रीटची भीती होती तशीच तिच्या मागे उभ्या बँकांचीही होती. बँकांनी ऑफिसचं तारण नको म्हटलं की रीटचा उत्साह आपोआप मावळतो.

याच टप्प्यावर रीट एक वेगळी उपकंपनी तयार ठेवते. कर्ज त्या उपकंपनीच्या नावावर जातं. ती दुसरा धंदा करत नाही, दुसरं देणं अंगावर घेत नाही. उद्या मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली तरी ही उपकंपनी तिच्या दलदलीत ओढली जाऊ नये, हा हेतू.

पायरी २: मास्टर रीपर्चेस ॲग्रीमेंट, म्हणजे विक्रीच्या वेषातलं कर्ज

तारणावरच्या या उसनवारीचं सर्वात रुळलेलं रूप म्हणजे रेपो. कागदावर रीट आपलं दहा कोटींचं कर्ज बँकेला साडेसात कोटींना विकते आणि ठरलेल्या तारखेला ते परत विकत घेण्याचं वचन देते. मधल्या काळात बँकेला मिळणारी वाढीव रक्कम म्हणजे व्याजच, पण करारात तिला ‘प्राइस डिफरन्शियल’ असं भारदस्त नाव असतं. हिशेबाच्या वहीत मात्र कुणी फसत नाही: रीटच्या ताळेबंदात कर्ज मालमत्तेच्या बाजूलाच राहतं आणि बँकेचे साडेसात कोटी देणं म्हणून दिसतात. कराच्या दृष्टीनेही याकडे कर्ज म्हणूनच पाहिलं जातं.

मग विक्रीचं सोंग कशासाठी? दिवाळखोरीसाठी. अमेरिकेत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला की धनकोंचे हात त्या क्षणी बांधले जातात, तारण विकायला न्यायालयाची परवानगी लागते. रेपोला या नियमातून सूट आहे. २००५ साली दिवाळखोरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि रेपोच्या व्याख्येत गहाणकर्जं व त्यांच्याशी जोडलेले रोखेही आले. त्यामुळे रीटने परतफेड चुकवली, तर दुसऱ्या दिवशी तारण बाजारात काढायला बँक मोकळी. याच सुटीमुळे बँक कमी व्याजात पैसा देते. स्वस्ताईची किंमत कुठे दडली आहे, ते इथे दिसतं.

करार वाचताना तीन जागी पेन्सिलीने खूण करा.

एक: कमाल मर्यादा ‘बांधील’ आहे की नाही. पन्नास कोटींची सुविधा असं अहवालात छापलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, की पन्नास कोटी तयार आहेत. पण बहुतेक करारांत प्रत्येक कर्ज बँकेने वेगळं मंजूर करायचं असतं आणि तेही ‘पूर्णतः स्वतःच्या मर्जीनुसार’. म्हणजे पन्नास कोटी हा हंड्याचा आकार झाला, आतल्या पाण्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

दोन: मुदत. मूळ मुदत साधारण दोन-तीन वर्षांची आणि पुढे एकेक वर्षाच्या वाढी, असं रूप बरंच आढळतं. ती वाढ रीटच्या हक्काची आहे की बँकेच्या संमतीची, हे बघा. काही करारांत रेपोची मुदत तारण असलेल्या कर्जाच्या मुदतीशी बांधलेली असते. तो प्रकार रीटसाठी सर्वात सुखाचा.

तीन: मार्जिनचं कलम. त्याला स्वतंत्र पायरी दिली आहे.

पायरी ३: कागद हलतात, तेव्हाच पैसा हलतो

हा भाग पुस्तकांत दोन ओळींत उरकतात, माझा मात्र निम्मा काळ इथेच गेला.

बँकेला तारण म्हणून इमारत मिळत नाही, इमारतीवरच्या कर्जाचे हक्क मिळतात. ते हक्क कागदात असतात. सर्वात मोलाची वस्तू म्हणजे मूळ प्रॉमिसरी नोट, इमारतमालकाने शाईने सही केलेली. तिच्या जोडीला गहाणखत, भाड्याच्या उत्पन्नाचं हस्तांतरपत्र, मालकी हक्काची विमा पॉलिसी आणि ही सगळी कागदपत्रं पुढच्या धनकोच्या नावे करणारी हस्तांतरपत्रं. हस्तांतरपत्रांत घेणाऱ्याचं नाव मुद्दाम कोरं ठेवतात, म्हणजे वेळ आली तर बँक स्वतःचं किंवा खरेदीदाराचं नाव भरून मोकळी.

हे सगळं बँकेकडेही जात नाही आणि रीटकडेही राहत नाही. ते तिसऱ्याकडे, कस्टोडियनकडे जातं. कस्टोडियन यादीशी एकेक कागद ताडून बघतो, पोचपावती देतो आणि कुठे खोट असेल तर अपवादांच्या यादीत टाकतो. ती पोचपावती हाती आली की बँक पैसे सोडते.

एकदा एका फाइलीत सगळं जागच्या जागी होतं, फक्त ॲलॉन्ज नव्हतं. ॲलॉन्ज म्हणजे नोटेला जोडलेला एक जादा कागद, ज्यावर ‘अमुकच्या आदेशानुसार अदा करावे’ असं लिहून आधीचा धनको सही करतो. त्या कागदाची प्रत होती, मूळ नव्हतं. कुणीतरी स्टेपल काढून स्कॅन केलं होतं आणि परत लावायला विसरलं होतं. मूळ पान वकिलाच्या कचेरीत दुसऱ्याच फाइलीत निघालं, पण तोवर तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत रीटने इमारतमालकाला पूर्ण रक्कम आधीच दिलेली असल्यामुळे कित्येक कोटी तिच्या स्वतःच्या तिजोरीतून अडकून पडले. एका स्टेपलपायी! तेव्हापासून मी नोट हातात घेतली की आधी कोपऱ्यातली भोकं मोजतो.

घाईच्या व्यवहारात बँक कागद पोहोचण्याआधीही पैसे देते. तेव्हा समारोपाचं काम बघणारा वकील लिहून देतो, की कागद माझ्या ताब्यात आहेत, मी ते बँकेसाठी धरले आहेत आणि इतक्या दिवसांत कस्टोडियनकडे पाठवतो. धंद्यात अशा कर्जाला ‘वेट’ म्हणतात, सही अजून ओली आहे या अर्थाने.

पायरी ४: आकडे मांडून बघा

आता आपलं दहा कोटींचं कर्ज घ्या. पुढचे दर उदाहरणापुरते आहेत, गणित मात्र खरं.

इमारतीची किंमत १४.३ कोटी डॉलर, कर्ज दहा कोटी, म्हणजे सुमारे ७० टक्के. कर्जाचा दर सोफर अधिक ३.२५ टक्के. सोफर हा न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून जाहीर केलेला रात्रभराचा दर. जून २०२३ अखेर डॉलर लायबॉर हा जुना संदर्भदर थांबल्यावर अशी बहुतेक कर्जं त्यावर गेली. बँक ७५ टक्के पुरवते, दर सोफर अधिक १.९० टक्के. न पुरवलेले २५ टक्के म्हणजे हेअरकट. सोफर ४ टक्के धरू.

रीटला वर्षाला येणारं व्याज: दहा कोटींवर ७.२५ टक्के, म्हणजे ७२.५ लाख. बँकेला जाणारं: साडेसात कोटींवर ५.९० टक्के, म्हणजे ४४.२५ लाख. हातात २८.२५ लाख. रीटचे स्वतःचे गुंतलेत अडीच कोटी. परतावा ११.३ टक्के. कर्ज न काढता तोच परतावा ७.२५ असता. सगळा खेळ या चार टक्क्यांच्या फरकासाठी.

आता बँकेच्या खुर्चीत बसा. तिचे साडेसात कोटी १४.३ कोटींच्या इमारतीवर, म्हणजे किमतीच्या जेमतेम ५२ टक्के. इमारत जवळजवळ निम्म्याने पडेपर्यंत तिच्या पैशाला धक्का नाही. आधी मालकाचे ३० टक्के जातात, मग रीटचे अडीच कोटी. दारातून नाही म्हणणारी बँक खिडकीतून हो का म्हणते, त्याचं उत्तर हे.

व्याजदर वाढले तर? दोन्ही बाजू सोफरला बांधलेल्या असल्याने फरक तोच राहतो, उलट रीटच्या अडीच कोटींवरचं उत्पन्न वाढतं. सोफर ५.३० झाला तर परतावा १२.६ टक्क्यांवर जातो. कागदावर झकास. पण फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात दर ०–०.२५ वरून ५.२५–५.५० टक्क्यांवर नेले, तेव्हा इमारतमालकांचं भाडं काही त्या वेगाने वाढलं नाही. मालक व्याजदरावर कमाल मर्यादेचा विमा, म्हणजे रेट कॅप, घेतो. त्याची मुदत संपली की नवा कॅप कैकपट महाग मिळतो. रीटचा परतावा वाढताना दिसतो आणि त्याच वेळी तिचा ऋणको दमायला लागतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचायचे.

अजून एक बारकावा: फ्लोअर. कर्जात ‘सोफर इतक्याच्या खाली गेला तरी इतकाच धरला जाईल’ असं कलम असतं. रीटने घेतलेल्या उसनवारीत तसं कलम नसेल तर दर कोसळताना तिचं उत्पन्न थबकतं आणि खर्च उतरत राहतो. २०२० आणि २०२१ मध्ये अनेक रीटांना हा फायदा मिळाला. तो आकडा नेहमीचा समजून लाभांशाचे अंदाज बांधणारे नंतर पस्तावले.

पायरी ५: महिन्याची वाट

इमारतमालकाचा हप्ता थेट रीटच्या खिशात येत नाही. तो सर्व्हिसरकडे, म्हणजे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीकडे येतो, तिथून बँकेचं नियंत्रण असलेल्या खात्यात. त्यातून आधी बँकेचं व्याज, काही थकलं असेल तर ते, आणि उरेल ते रीटला. गडबड झाली की बँक तो नळ बंद करून सगळं स्वतःकडे वळवू शकते.

इथेच आणखी एक गोष्ट बघून घ्या. दुरुस्तीच्या कर्जात सगळी रक्कम पहिल्या दिवशी दिलेली नसते, काम होईल तशी पुढे द्यायची असते. ते वचन रीटने दिलेलं असतं. बँक त्यातला आपला वाटा देणार आहे, की तेही तिच्या मर्जीवर? मर्जीवर असेल तर वाईट काळात तो सगळा बोजा रीटच्या रोकडीवर येतो.

पायरी ६: मार्जिन कॉल

इथे थांबून वाचा.

बँकेने ठरवलं, की बाजार बदलला आहे आणि तुमचं दहा कोटींचं कर्ज आता ९.२ कोटींचंच आहे. इमारतमालक हप्ते वेळेवर भरतो आहे, एक दिवसही चुकलेला नाही. तरी ९.२ चे ७५ टक्के म्हणजे ६.९ कोटी. तुम्ही उचललेत साडेसात. साठ लाख डॉलर परत करा. कधी? करारानुसार एक ते काही कामकाजाच्या दिवसांत. दुपारच्या ठरावीक वेळेआधी नोटीस आली तर उद्या, नंतर आली तर परवा, इतकं बारीक लिहिलेलं असतं.

किंमत ८ टक्क्यांनी पडली आणि रीटला द्यावी लागली तिच्या अडीच कोटींच्या २४ टक्के रोकड. एका कर्जाचं हे. बाजार पडतो तेव्हा पन्नास कर्जांच्या नोटिसा एकाच आठवड्यात येतात.

रोख्यांच्या कुळात हे आणखी तीव्र. तिथे हेअरकट लहान असतो. पाच टक्के धरा: शंभराच्या रोख्यात तुमचे पाच, उसने पंचाण्णव. भाव दोन टक्क्यांनी उतरला तर १.९ भरायचे, म्हणजे तुमच्या भांडवलाच्या ३८ टक्के, आणि तेही बुडीताचा धोका जवळजवळ नसलेल्या रोख्यावर. कार्लाइल कॅपिटल कॉर्पोरेशनचं मार्च २००८ मध्ये नेमकं हेच झालं. सुमारे २१.७ अब्ज डॉलरचे फॅनी-फ्रेडीचे सर्वोच्च दर्जाचे रोखे, भांडवल त्याच्या सुमारे बत्तिसाव्या भागाइतकं. रोखे बुडाले नाहीत, भाव काही टक्क्यांनी हलले. नोटिसा आल्या, पैसे नव्हते, बँकांनी रोखे विकायला काढले. थॉर्नबर्ग मॉर्गेजची कर्जं चांगल्या पतीच्या लोकांना दिलेली होती, तीही याच मार्गाने २००९ च्या मे महिन्यात दिवाळखोरी न्यायालयात पोहोचली.

मार्च २०२० मध्ये तेच नाटक पुन्हा लागलं. फेडने २३ मार्चला हमीवाले गहाणरोखे लागतील तितके विकत घेऊ असं जाहीर केलं आणि त्या कुळाला श्वास मिळाला. हमी नसलेली कर्जं आणि रोखे धरणाऱ्यांना ते छत्र नव्हतं. एजी मॉर्गेज इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट आणि एमएफए फायनान्शियल यांनी त्याच आठवड्यात मार्जिन कॉल भागवता येत नसल्याचं जाहीर केलं आणि धनकोंशी सबुरीचे करार करायची वेळ त्यांच्यावर आली. व्यावसायिक कर्जं देणाऱ्या काही रीटांनी थोडी रक्कम आधीच फेडून काही महिन्यांसाठी मार्जिन कॉल थांबवून घेतले.

म्हणून या कलमात एकच शब्द शोधा: किंमत कशामुळे बदलायची? ‘बाजारातल्या व्याजफरकामुळे’ असं असेल तर बाजार घाबरला की तुम्हाला नोटीस. ‘फक्त त्या कर्जाच्या किंवा इमारतीच्या पतीत घसरण झाली तरच’ असं असेल तर बरंच संरक्षण आहे. अनुभवी रीट चार पैसे जादा व्याज देऊन दुसरं कलम मागून घेतात. माझ्या मते त्या व्याजाइतका सार्थकी लागणारा खर्च या धंद्यात दुसरा नाही. पण ‘पत घसरली’ हेही शेवटी बँकच ठरवते. दुसऱ्या मूल्यांककाकडे जायचा हक्क करारात आहे का, तेवढं बघून ठेवा.

पायरी ७: हमी आणि अटी

उपकंपनीने कर्ज घेतलं तरी बँक मूळ रीटची सही मागतेच. व्यावसायिक कर्जांच्या रेपोत बहुधा मर्यादित हमी असते. २५ टक्के हा आकडा पुष्कळ ठिकाणी भेटेल. रोख्यांच्या रेपोत जबाबदारी सहसा पूर्ण असते.

हमीबरोबर अटी येतात: निव्वळ मूल्य इतक्याच्या खाली जाऊ नये, रोकड इतकी राखावी, एकूण कर्ज भांडवलाच्या इतक्या पटींपलीकडे नको, व्याज भरायची क्षमता इतकी असावी. वाईट काळात या अटी एकमेकींना ढकलतात. बुडीताची तरतूद वाढवली की निव्वळ मूल्य घटतं, निव्वळ मूल्य घटलं की कर्जाची पट वाढते, ती कमी करायला रोकड द्यावी की रोकडीची अट तुटते. आणि एका बँकेची अट तुटली की क्रॉस-डिफॉल्टच्या कलमाने बाकीच्या बँकाही दार ठोठावतात. पाच बँकांशी करार म्हणजे जोखीम पाच ठिकाणी विभागली, असं सादरीकरणात लिहितात खरं. मी ते वाचून हल्ली फक्त मान डोलावतो.

पायरी ८: गोदामातून बाजारात, सीएलओ

रेपोच्या सुविधेला ‘वेअरहाउस’ही म्हणतात, आणि शब्द नेमका आहे: माल साठवायचा, पुरेसा झाला की घाऊक विकायचा. वीस-पंचवीस कर्जं जमली की रीट ती एका न्यासासारख्या वेगळ्या संस्थेत टाकते आणि त्यांच्या बळावर थरांचे रोखे विकते: वरच्या थराला पैसे आधी, खालच्याला शेवटी. व्यावसायिक गहाणकर्जांचा हा सीएलओ (कोलॅटरलाइज्ड लोन ऑब्लिगेशन).

शंभर कोटींची कर्जं टाकली, वरच्या थरांचे ८२ कोटींचे रोखे विमा कंपन्या आणि फंडांना विकले, खालचे १८ कोटी रीटने स्वतःकडे ठेवले, असं धरा. त्या ८२ कोटींतून रेपो फेडला. फायदे तीन: मार्जिन कॉल नाही, मूळ कंपनीवर जबाबदारी नाही, आणि रोख्यांची मुदत तारणातल्या कर्जांबरोबर चालते. काही सीएलओंत सुरुवातीची काही वर्षं, फेडलेल्या कर्जाच्या जागी नवं कर्ज टाकायची मुभाही असते.

फुकट काहीच नाही. इथे बँकेऐवजी कसोट्या असतात. खराब कर्जं वाढून तारणाचं प्रमाण ठरलेल्या रेषेखाली गेलं, की खालच्या थराला जाणारा पैसा थांबतो आणि वरचे रोखे फेडायला वळतो. खालचा थर कुणाचा? रीटचा. म्हणून रीट पुष्कळदा आजारी कर्ज पूर्ण दर्शनी किमतीला सीएलओतून स्वतःकडे विकत घेते. कसोटी वाचते, लाभांश चालू राहतो, पण आजार आता घरात आलेला असतो आणि त्यापायी रोकडही गेलेली असते. तिमाही अहवालात असं ‘सीएलओतून खरेदी’ वारंवार दिसलं, तर मी त्या कंपनीच्या लाभांशावर घर चालवणार नाही.

याशिवाय कर्जाचा वरचा हिस्सा थेट विकून खालचा ठेवणं, कंपनीच्या एकूण मालमत्तेवर मुदतकर्ज काढणं असेही मार्ग आहेत. एक वाट मात्र बंद झाली. काही रीटांनी स्वतःची विमा उपकंपनी काढून तिच्या नावाने फेडरल होम लोन बँकांचं सदस्यत्व घेतलं होतं आणि तिथून स्वस्त पैसा उचलला होता. नियामकाने २०१६ च्या जानेवारीत ते दार लावलं आणि उरलेल्यांना २०२१ पर्यंत बाहेर काढलं.

अहवाल हातात घेतल्यावर

दहा-के नावाच्या वार्षिक अहवालात सरळ ‘सिक्युअर्ड’, म्हणजे तारणावरच्या, कर्जाच्या तक्त्यावर जा. प्रत्येक ओळीत सुविधेची कमाल मर्यादा, उचललेली रक्कम, तारण ठेवलेल्या कर्जांची रक्कम, दर आणि मुदत असते. उचल भागिले तारण केलं की प्रत्यक्ष प्रमाण निघतं. ते वर्षागणिक उतरत असेल, तर बँका हळूहळू पैसे काढून घेत आहेत, भले ‘मार्जिन कॉल’ हा शब्द अहवालात कुठेच नसो.

मग तारण न ठेवलेली कर्जं किती ते शोधा. तीच अडचणीच्या दिवसाची शिल्लक. पण ती कुठली आहेत तेही बघा. रिकामी ऑफिसं ‘मोकळी’ असतात, कारण ती कुणी तारण घेत नाही.

शेवटी मुदतींचा तक्ता आणि इमारतमालकांच्या कर्जांच्या मुदतींचा तक्ता शेजारी ठेवा. उसनवारी आधी संपत असेल तर तेवढं अंतर कंपनीला बँकेच्या मर्जीवर काढायचं आहे.

पायरी ९: सुटका

सगळं नीट गेलं तर आपल्या इमारतमालकाने फ्लॅट दुरुस्त केले, भाडी वाढली आणि संकुल विकलं गेलं. दहा कोटी सर्व्हिसरकडे आले. त्यातले साडेसात कोटी आणि त्या दिवसापर्यंतचं व्याज आधी बँकेला, अडीच कोटी रीटला. बँक मुक्ततापत्र देते. ते बघून कस्टोडियन नोट, गहाणखत आणि कोऱ्या नावाची हस्तांतरपत्रं एका पाकिटात घालून कुरियरने परत पाठवतो. नोटेवर ‘रद्द’चा शिक्का बसतो. तो मारण्याआधी, ॲलॉन्ज अजून मागे जोडलेलं आहे ना, तेवढं एकदा उलटून बघा.